निवास पुरावा : असत्य

सत्तावीस वर्षं मी एक प्रश्न जवळजवळ प्रत्येक परीक्षेत विचारला. बुलियन व्हेरिएबलमध्ये कोणत्या दोन किमती ठेवता येतात? उत्तर : खरे किंवा खोटे. मार्क एक. हा मार्क सहसा कोणाचा जात नसे. वर्षभर लॅबचं तोंड न पाहिलेला विद्यार्थीसुद्धा तो घेऊन जायचा. पेपर तपासताना मीही त्या उत्तरावर सवयीने बरोबरची खूण करून पुढे सरकायचे.

आज मला त्या मार्काचा राग येतो. संपादकांनी शिकवतानाचे गमतीचे प्रसंग मागितले होते. एक देते आणि मग मला जे सांगायचं आहे ते सांगते.

गोंदिया जिल्ह्यातल्या देवरीच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवत असे. भोजराज नावाचा एक विद्यार्थी होता. त्याने वर्गाच्या हजेरीचा छोटा प्रोग्राम लिहिला आणि जो गैरहजर तोही हजर दिसू लागला. झालं असं होतं, की भोजराजने 'खोटे' हा शब्द अवतरणचिन्हांत टाकला होता. अवतरणात टाकलेला मजकूर म्हणजे मशीनसाठी नुसती अक्षरं. अक्षरं रिकामी नाहीत, म्हणजे काहीतरी आहे, आणि काहीतरी आहे म्हणजे खरे, असा मशीनचा हिशेब. मी हे समजावून सांगितलं. मग भोजराज म्हणाला, "म्हंजे मॅडम, आपन काय बोललो ते हे पायतच नाई. बोललो, एवढंच पायते."

वर्ग हसला, मीही हसले. झाली गंमत. आता दुसरी गोष्ट.

ज्यांनी कधी प्रोग्राम लिहिला नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. प्रोग्राममध्ये आपण एखाद्या जागेला नाव देतो आणि तिथे एक किंमत ठेवतो. त्याला व्हेरिएबल म्हणतात. बुलियन व्हेरिएबल म्हणजे ज्या जागेत फक्त हो किंवा नाही मावतं अशी जागा. विद्यार्थी पास आहे का? हो. दार उघडं आहे का? नाही. शिकायला पाच मिनिटं लागतात, म्हणून पुस्तकात त्याला अर्धं पान असतं. त्या अर्ध्या पानात एक गोष्ट लिहिलेली नसते. या जागेला मागचं काही आठवत नाही. तुम्ही 'हो' लिहिलं आणि नंतर त्यावर 'नाही' लिहिलं, की आधीचा 'हो' पुसला जातो. तो कधी होता याची खूणही उरत नाही.

माझ्या निवृत्तीच्या आधीच्या पावसाळ्यात रंजना पंधरे मला भेटायला स्टाफरूममध्ये आली. आमच्याच कॉलेजातून ती त्या वर्षी बारावी झाली होती. शिकायला ती देवरीत मावशीकडे राहायची. घर छत्तीसगडच्या हद्दीकडच्या जंगलातल्या एका गावात. गावाचं नाव लिहू नका असं तिथल्या लोकांनी सांगितलं आहे, म्हणून लिहीत नाही. रंजनाला गोंदियात नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. गावातून रोज गोंदियाला येणंजाणं शक्यच नव्हतं, त्यामुळे सगळं वसतिगृहावर अवलंबून होतं. वसतिगृह कोणाचं तेही मी सांगणार नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा होता.

तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. "मॅडम, हे पाहा बरं काय होय."

पडद्यावर लिहिलं होतं : निवास पुरावा : असत्य. अर्ज अपात्र.

मी काय म्हणाले ते सांगायला मला लाज वाटते. मी म्हणाले, "एखादा कागद चुकीचा लागला असेल गं तुझा. नीट बघायचं असतं."

प्लास्टिकच्या फाइलमधून तिने एकेक कागद काढून टेबलावर मांडला. रेशनकार्ड. ग्रामपंचायतीचा दाखला, त्यावर सरपंचांची सही आणि शिक्का. वडिलांचं मतदार कार्ड. वनहक्काचा पट्टा, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीच्या हक्काचा कागद. शेवटी अर्जाच्या सूचनांची प्रत काढून तिने एका ओळीवर बोट ठेवलं. निवासाच्या पुराव्यासाठी पाच कागदांची नावं होती आणि पुढे लिहिलं होतं, यांपैकी कोणताही एक.

"पाचातले चार हायेत माझ्याजवळ," ती म्हणाली. "लाइट बिल तेवढं नाई. आमच्या टोलीतल्या घरायले मीटर नाई, सोलरचे दिवे हायेत."

"मग अडलं कुठे?"

"ते मले नाई माहीत. पन हे असत्य काऊन लिवलं मॅडम? ही यादी ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लागली. नावासंग लागली. बाबायचं नाव, माझं नाव, अन् त्याच्यासमोर असत्य."

मग हळूहळू बाकीचं कळलं. रंजनाचे वडील मनिराम पंधरे गावाच्या वनहक्क समितीवर होते. लोकांचे पट्ट्यांचे अर्ज, नकाशे, जुने पुरावे हे सगळं त्या माणसाने घरोघर फिरून वर्षानुवर्षं गोळा केलं होतं. कागदाच्या बाबतीत गाव त्यांच्या शब्दावर चालायचं. त्यांच्याच मुलीच्या नावापुढे असत्य छापून आलं. बोर्डापुढे उभं राहून कोणीतरी ते मोठ्याने वाचलं. पंधरेने खोटा दाखला जोडला, असं झालं. दाखल्यावर सही सरपंचबाईंची. त्या चिडल्या, की मी खोटी सही देते असं गोंदियाच्या ऑफिसला वाटतं की काय, आणि चार लोकांत त्यांनी मनिरामला जाब विचारला. दुसऱ्या दिवशी मनिरामने समितीचं दप्तर सरपंचबाईंच्या घरी नेऊन ठेवलं आणि समिती सोडली.

दोन दिवसांनी मी रंजनाला घेऊन गोंदियाला गेले. ऑफिसातल्या बाबूने अर्जाचा नंबर टाकला, पडदा पाहिला आणि तो खुर्चीत मागे रेलला.

"मैडम, सिस्टीम ने रिजेक्ट किया है. हमने नहीं किया."

मी म्हणाले, "चार कागद आहेत. तुमच्यासमोर आहेत. एक पुरे असं तुम्हीच लिहिलंय."

"वो सही है. लेकिन असत्य दिखा रहा है, मतलब कुछ तो गड़बड़ होगी ना." मग आवाज खाली आणून, मी त्यांच्यातली आहे अशा सुरात, "जंगल साइड के लोग कुछ भी कागज लगा देते हैं, आपको तो मालूम है."

रंजना माझ्या शेजारी उभी होती. तिला हिंदी माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

मी त्या माणसाला काय बोलले ते सगळं इथे छापता येणार नाही. एवढं सांगते, की आजूबाजूच्या टेबलांवरचं काम थांबलं. त्याचा काही उपयोग झाला नाही. पुढच्या वर्षी परत अर्ज करा, असं सांगून त्याने फाइल बंद केली. सिस्टीम हा शब्द या लोकांना फार सोयीचा झाला आहे. सिस्टीमला तोंड नाही, सही नाही, बदली नाही, चौकशी नाही. मी आयुष्यभर ज्या मशीनची ओळख करून दिली, त्याच मशीनच्या मागे ही माणसं लपून बसतात, याचा मला आजही संताप येतो.

मी प्यायला पाणी शोधत होते तेव्हा रंजना बाहेरच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. तिथे अशाच आणखी मुली होत्या, कोणाबरोबर आई, कोणाबरोबर भाऊ. सालेकशाच्या, अर्जुनीच्या, आमच्या देवरीच्या. रंजना एकेकीशी बोलत होती आणि वहीत काहीतरी लिहीत होती. मला वाटलं नंबर घेतेय.

परतीच्या एसटीत आमगाव मागे पडल्यावर तिने वही माझ्या मांडीवर ठेवली.

"मॅडम, पाहा. मले धरून नऊ जनी होत्या पायऱ्यावर. नंबर घेतले, अन् कोनाजवळ कोनता कागद हाये ते लिवलं. नऊच्या नऊ जनीजवळ काई ना काई हाये. पन लाइट बिल एकीजवळही नाई. अन् आपल्या वर्गातली वैशाली नाई का, तिनं फक्त लाइट बिल लावलं होतं. तिचं झालं."

मी वही पाहिली. मग सूचनांच्या कागदावरची पाच नावं पाहिली. रेशनकार्ड, दाखला, मतदार कार्ड, पट्टा, आणि पाचवं, शेवटचं, लाइट बिल.

ही चूक मी ओळखत होते. दर वर्षी निम्मा वर्ग ती करतो.

ती अशी असते. एका माणसाला पाटी दिली आणि सांगितलं, पाच कागद तपास, एक जरी सापडला तर पाटीवर 'हो' लिही. तो रेशनकार्ड पाहतो. आहे. पाटीवर 'हो'. इथे खरं म्हणजे काम संपलं. पण त्याला कोणीतरी असंही सांगून ठेवलंय, की कागद नसेल तर 'नाही' लिही. मग तो पुढे जातो. दाखला आहे, 'हो'. कार्ड आहे, 'हो'. पट्टा आहे, 'हो'. लाइट बिल नाही. तो 'हो' पुसतो आणि 'नाही' लिहितो. पाटी साहेबाकडे जाते. साहेब पाटी वाचतो. चार कागदांचा चारदा लिहिलेला 'हो' आता कुठेच नाही. निकाल फक्त शेवटच्या कागदाचा लागतो.

दुरुस्ती काय, तर 'नसेल तर नाही लिही' हा भाग काढून टाकायचा. दोन ओळी. त्या दोन ओळींमुळे, ज्यांच्या घरी स्वतःच्या नावाचं मीटर नाही त्या सगळ्या मुली बाहेर. ज्या गावांना वीज द्यायला सरकारला जमलं नाही, त्याच गावांच्या मुली वीजबिल नाही म्हणून खोट्या ठरल्या. एसटी हलत होती आणि मला ओरडावंसं वाटत होतं.

वेबसाइटच्या तळाशी प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीचा नंबर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला. मी नाव सांगताच पलीकडचा आवाज बदलला.

"मॅडम? मी प्रफुल्ल. देवरीचा. तुमच्याच लॅबमध्ये होतो."

मला आठवला. अबोल, हुशार, अक्षर सुरेख. गोंदियात एका दुकानाच्या वर दोन खोल्यांत त्यांचं ऑफिस होतं. मी पोचले तर त्याने माझ्यासाठी चहा आणि समोसे मागवून ठेवले होते. मी त्यांना हात लावला नाही. म्हणाले, "निवासाच्या पुराव्याची तपासणी उघड."

"मॅडम, टेस्टिंग झालं होतं. वसतिगृहाच्या ऑफिसच्या लोकायनं स्वतःचे कागद टाकून पाह्यले. सगळ्यायचे पास झाले."

"सगळ्यांकडे लाइट बिल होतं?"

"होतं," तो म्हणाला.

त्याने फाइल उघडली. सांगायला नको, ते तिथेच होतं. 'नसेल तर', आणि त्याखाली खोटे. मी त्याला फार बोलले. पहिल्या वर्षाच्या पोरांची चूक, लाज वाटायला हवी, नऊ मुली मी स्वतः पाहिल्या, असं बरंच. त्याच्या हाताखालची दोन मुलं मान खाली घालून बसली होती. माझं संपल्यावर प्रफुल्लने ड्रॉवर उघडला आणि स्टेपल केलेला झेरॉक्सचा एक गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. कडा पिवळ्या झालेल्या. अक्षर माझं होतं.

"तुमच्या नोट्स, मॅडम. म्या अजून ठेवल्या. इथं नवीन लागलेल्यायले यातूनच शिकवतो."

यादीत रोल नंबर शोधण्याचा प्रोग्राम असलेलं पान त्याने काढलं. सापडला तर खरे. नसेल तर खोटे. खाली मी स्वतः सोडवून दाखवलेलं उदाहरण होतं. पाच रोल नंबरांच्या यादीत शेवटचा नंबर शोधला होता. उत्तर : सापडला. त्याखाली माझ्या हातची बरोबरची खूण.

मला सगळं आठवलं. त्या बॅचच्या पुढच्या वर्षी एका मुलीने विचारलं होतं, मॅडम, पहिला नंबर टाकला तर सापडत का नाही? तेव्हा मला चूक कळली होती, तीच पाटीची : पुढचा 'नाही' आधीचा 'हो' पुसत होता. मी व्हाइटनर लावून पान दुरुस्त केलं आणि नव्या झेरॉक्स काढल्या. आधीच्या बॅचला कळवलं नाही. त्यांची परीक्षा झाली होती, मार्क मिळाले होते. बोर्डाच्या पेपरात तो प्रोग्राम आला असता, तरी तपासणाऱ्याने तो बरोबर धरला असता. मी स्वतःशीच म्हणाले होते, आता त्यांना कुठे शोधत बसायचं.

प्रफुल्ल मला दोष देत नव्हता. ते जास्त लागलं.

"आणि असत्य?" मी विचारलं. "हा शब्द कुठून आणला?"

"पडद्यावर मराठी पायजे असं सांगतलं होतं. आत फॉल्स होतं. म्या शब्दायचा तक्ता लावून देल्ला. पुस्तकात तसंच हाये ना मॅडम, ट्रू म्हंजे सत्य, फॉल्स म्हंजे असत्य."

पुस्तकात तसंच आहे. मशीनच्या आत फॉल्स म्हणजे नुसता 'नाही'. तिथे कोणी कोणावर आरोप करत नसतं. तो 'नाही' उचलून मराठीत आणला, की माणूस लबाड ठरतो. मी हा शब्द फळ्यावर किती वेळा लिहिला असेन. एकदाही मला वाटलं नाही, की कोणाच्या बापाच्या नावापुढे तो कसा दिसेल.

प्रफुल्लने दोन ओळी काढल्या. जुने अर्ज पुन्हा चालवले. किती नावं बदलली ते त्याने मला सांगितलं नाही आणि पडदाही माझ्याकडे वळवला नाही. तो उठून बाहेर गॅलरीत गेला आणि बराच वेळ तिथेच उभा होता.

पुढचे काही दिवस ऑफिसात खेटे घालण्यात गेले. शेवटी सुधारित यादी निघाली. वर एकच ओळ : तांत्रिक कारणास्तव. रंजनाचं नाव त्यात होतं. वसतिगृहात दाखल व्हायला चार दिवस दिले होते. मी अधिकाऱ्यांना भेटून म्हणाले, की प्रत्येक ग्रामपंचायतीला पत्र पाठवा. या मुलींचे कागद खरे होते, चूक प्रोग्रामची होती, असं स्पष्ट लिहा.

ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, नाव आलं ना? मग आता प्रश्न काय आहे?"

"तुम्ही त्यांना असत्य म्हणालात."

"आम्ही कुठं म्हणालो? आणि असं लिहून द्यायची पद्धत नाही."

तुम्हाला वाटेल, हा कोत्या मनाचा माणूस होता, कोरडा, दुष्ट. तसं काही नव्हतं. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांच्या टेबलावर फक्त दोनच रकाने होते, पात्र आणि अपात्र. रंजना एकातून दुसऱ्यात गेली आणि त्यांच्या लेखी विषय संपला.

संध्याकाळी मी रंजनाला फोन केला. ती तोवर गावी परत गेली होती. पट्ट्याच्या जमिनीत भाताची रोवणी चालू होती. रेंजसाठी ती टेकाडावर येऊन बोलत होती.

"नाव आलं, माहीत झालं मले," ती म्हणाली. "पन मी नाई येत मॅडम."

"अगं, वेडी आहेस का?"

"आधी खोटं म्हटलं, आता काई न सांगता नाव आलं. लोक म्हनून राहिले का मॅडमनं गोंदियाले जाऊन सेटिंग केली. बाबा कोनाच्या घरी जात नाई. मी अशी गेली त ते कायमचं खरं होऊन जाईन."

मी तिला समजावलं, रागावले, करिअरचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, रोवणीले बाया कमी हायेत, मी ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रफुल्लच्या मोटरसायकलवर मागे बसून मी त्या गावाला गेले. हायवे सोडल्यावर चिचगडच्या रस्त्याला लागलो, पुढे डांबर संपलं. वाटेत प्रफुल्ल दोनदा म्हणाला, "मॅडम, नीट बसा." एवढंच.

मनिराम बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात होते. रंजना आणि तिची आई ओळीत वाकून रोप लावत होत्या. आम्हाला पाहून मनिराम धुऱ्यावर, कडेच्या बांधावर आले. गुडघ्यापर्यंत चिखल, उंच, सावळा, शांत माणूस. प्रफुल्लने चपला काढल्या, का ते मला कळलं नाही, आणि हात जोडले.

"काका, तुमचा कागद खरा होता. चूक माझी हाये. प्रोग्राम म्या लिवला होता."

मनिरामने त्याच्याकडे पाहिलं. "हे मले कायले सांगता? माझा कागद खरा हाये हे मले माहीतच हाये." मग त्यांनी गावाकडे हात केला. "ज्यायनं बोर्ड वाचला त्यायले सांगा."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत लोक बांध्यांतून वर आले तेव्हा ग्रामपंचायतीपुढे वीस-पंचवीस माणसं जमली. सरपंचबाई ओट्यावर बसल्या. जुनी यादी अजून बोर्डावरच होती, कोपऱ्याला फाटलेली. प्रफुल्लने सगळं सांगितलं. पाटीचं उदाहरण मी दिलं. लोकांना ते लगेच कळलं. माझ्या वर्गापेक्षा लवकर कळलं, हे मला कबूल करायला हवं.

सरपंचबाई म्हणाल्या, "म्हंजे मशीननं चुकी केली."

प्रफुल्ल म्हणाला, "मशीननं नाई. म्या केली."

"आणि त्याला ते मी शिकवलं," मी म्हणाले.

मग भिंतीला टेकून बसलेले एक म्हातारे बाबा म्हणाले, "बिल नव्हतं त 'बिल नाई' लिवाचं. खोटा कायले लिवला?"

सत्तावीस वर्षं शिकवून मला जो प्रश्न पडला नव्हता, तो त्या माणसाने यादी एकदा ऐकून विचारला. एवढी पुस्तकं छापणाऱ्या, तपासणाऱ्या, मंजूर करणाऱ्या एकालाही तो पडला नाही.

सरपंचबाई मनिरामकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, म्या तुमाले चार लोकात बोलली. चार लोकातच सांगते, माझंही चुकलं." मग आमच्याकडे पाहून, "पन तुमी दोघं बोलून चालले जाल. उद्या ऑफिसातून कोनी आला त म्या काय दाखवू? लिवून द्या."

ग्रामपंचायतीचा कोरा कागद आणला. प्रफुल्लने पेन घेतलं आणि माझ्या हातात दिलं. मी लिहिलं. रंजना मनिराम पंधरे हिने जोडलेले सर्व कागद खरे आहेत. वसतिगृहाच्या यादीत छापलेला शब्द चुकीचा आहे. तो प्रोग्राममधल्या चुकीमुळे आला. त्यात अर्जदाराची, तिच्या वडिलांची आणि ग्रामपंचायतीची काहीही चूक नाही. प्रफुल्लने सही करायला हात पुढे केला. मी कागद माझ्याकडे ओढला आणि आधी माझी सही केली.

रंजना मुदतीच्या शेवटच्या दिवशी गोंदियाला गेली. तिचं शिक्षण आता व्यवस्थित चालू आहे. मनिराम समितीत परत गेले नाहीत. लोक घरी जाऊन कागद दाखवतात तेव्हा ते पाहून देतात, पण दप्तर घ्यायला नाही म्हणतात. ऑफिसचं पत्र आलं नाही, येणारही नाही. कॉलेजात शेवटच्या सहामाहीत मी तो एका मार्काचा प्रश्न काढून टाकला आणि त्याजागी चुकीचा प्रोग्राम देऊन चूक शोधायला सांगितली. विभागप्रमुख म्हणाले, मॅडम, जाता जाता पोरांचे मार्क कशाला घालवता? मी त्यांना रंजनाची वही दाखवली. त्यांनी ती चाळून परत दिली आणि म्हणाले, हे सिलॅबसमध्ये नाही.

प्रफुल्लने त्याच्या ऑफिसातल्या माझ्या नोट्स फेकल्या नाहीत. त्या पानावर लाल पेनने काट मारून ठेवली आहे. त्याच्या बॅचच्या बाकीच्यांचे नंबर आम्ही दोघांनी मिळून शोधले. बरेचजण आता कॉम्प्युटरचं काम करतच नाहीत. जे करतात त्यांना मी स्वतः फोन केला. दोघे हसले, की मॅडम, इतक्या वर्षांनी? एकाने फोन ठेवल्यावर लगेच काहीतरी तपासलं असावं, कारण तासाभराने त्याचा मेसेज आला : बरं झालं सांगितलं.

रंजनाच्या वहीतल्या बाकीच्या मुलींनाही फोन केले. चौघी वसतिगृहात आल्या होत्या. तिघींचे नंबर लागले नाहीत. उरलेल्या एकीने फोन उचलला. सालेकशाकडची होती. सुधारित यादीत तिचं नाव होतं, पण तिला ते कळलंच नव्हतं. मी विचारलं, कागद आहेत ना तुझ्याजवळ? पुढच्या वर्षी मी स्वतः अर्ज भरून देते.

"नाई जी," ती म्हणाली. "चुलीत टाकले. खोटेच हायेत म्हटलं त ठेवून काय करू?"

मी म्हणाले, "खोटे नव्हते गं. तुझे कागद खरेच होते."

फोनमध्ये मागे कोणाच्या तरी बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत होता.

"मंग तवाच काऊन नाई सांगतलं?" तिने विचारलं आणि फोन ठेवला.